बर्कलीचं मेमोरियल स्टेडियम: भूकंपाच्या फॉल्टवर बांधलं, नव्वद वर्षांनी तिथेच पुन्हा उभारलं. बरोबर केलं का?

खाडीकाठचा

मंडळी, मुलगी यंदा बर्कलीला शिकायला लागली. तिच्या आग्रहाने आम्ही दोघं पहिल्यांदाच कॉलेज फुटबॉलचा सामना बघायला गेलो. कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियम. डोंगराच्या कुशीत आहे, वरच्या रांगेतून खाडी दिसते, निळे-सोनेरी शर्ट घातलेली हजारो पोरं ओरडत असतात. खेळातलं फारसं कळलं नाही, तरी मजा आली.

मध्यंतरात मुलीने मैदानाकडे बोट दाखवून सांगितलं, "बाबा, हेवर्ड फॉल्ट बरोबर इथून जातो. या टोकाच्या गोलपोस्टपासून त्या टोकाच्या गोलपोस्टपर्यंत." मला वाटलं घाबरवतेय. घरी येऊन वाचलं, तर अक्षरशः खरं आहे: भूकंप करणारी जमिनीतली भेग मैदानाखालूनच जाते.

स्टेडियम १९२३ चं. २०१० ते २०१२ मध्ये ३२.१ कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण झालं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी माहीत नव्हतं असं धरलं, तरी २०१० मध्ये नक्कीच माहीत होतं. मग एवढे पैसे ओतून त्याच जागी पुन्हा ६३ हजार माणसं बसवायची व्यवस्था का केली? दुसरीकडे बांधता आलं नसतं का? मला तरी हे पटत नाही. इथे बे एरियातले जुनेजाणते आणि सिव्हिलवाले बरेच आहेत, म्हणून विचारतोय.

साधाप्रश्न

वाचतोय. कॉलेजच्या मैदानाला ६३ हजार खुर्च्या? आमच्या कॉलेजच्या मैदानात प्राचार्यांच्या गाईला तरी जागा मिळायची का, शंका आहे.

अस्वलप्रेमी

साधाप्रश्न, ६३ हजार म्हणजे या लोकांच्या हिशोबाने मध्यम. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसं बसतात. इकडे कॉलेज फुटबॉल म्हणजे गावाची जत्रा आणि कुळाचा अभिमान दोन्ही एकत्र.

मी ऐंशीच्या दशकात बर्कलीला शिकलो, त्यामुळे या धाग्यावर जरा लांबण लावतो.

१९२३ च्या आधी कॅलची (म्हणजे बर्कलीची) टीम विद्यापीठाच्या आवारातच लाकडी स्टँडच्या मैदानावर खेळायची. फार लोकांना ठाऊक नाही, पण १९०६ ते १९१४ या काळात कॅल आणि स्टॅनफर्ड दोघांनीही फुटबॉल सोडून रग्बी धरलं होतं, कारण तेव्हाचा फुटबॉल फार रक्तबंबाळ खेळ झाला होता. पुढे फुटबॉल परत आला, अँडी स्मिथ प्रशिक्षक झाले आणि १९२० ते १९२४ अशी सलग पाच वर्षं कॅल एकही सामना हरलं नाही. त्या संघांना वंडर टीम्स म्हणतात. लाकडी स्टँडमध्ये माणसं मावेनात. तिकडे स्टॅनफर्डने १९२१ मध्ये स्वतःचं मोठं स्टेडियम उभं केलं होतं. मग बर्कली कशी मागे राहणार?

वर्गणी निघाली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या कॅलिफोर्नियाच्या माणसांचं स्मारक म्हणून स्टेडियम बांधायचं ठरलं, नावातलं मेमोरियल तिथून आलं. जागा निवडली स्ट्रॉबेरी कॅन्यनच्या तोंडाशी. आराखडा जॉन गॅलन हॉवर्ड यांचा. आजूबाजूचे रहिवासी आणि निसर्गप्रेमी तेव्हाही विरोधात होते, दरीची वाट लागेल म्हणून. पण काम झालं. सोन्याच्या खाणीत पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने डोंगर फोडायचे, तीच रीत वापरून टेकडीची माती खाली आणली आणि दरीत भराव घातला. म्हणून पूर्वेकडची बाजू टेकडीत रुतलेली आहे आणि पश्चिमेकडे रोमच्या कलोसियमसारखी कमानींची काँक्रीटची भिंत उभी आहे.

२४ नोव्हेंबर १९२३ ला पहिला सामना. समोर स्टॅनफर्ड. कॅल जिंकलं, ९-०.

अँडी स्मिथ १९२६ च्या जानेवारीत न्यूमोनियाने गेले. त्यांच्या अस्थी विमानातून याच मैदानावर विखुरल्या. आता सांगा खाडीकाठचा, ही जागा कुणी सोडेल?

पालो_आल्टोकर

आले अस्वलवाले! ऐंशीच्या दशकात शिकलात म्हणजे आता १९८२ चा विषय काढणार. आम्हा स्टॅनफर्डवाल्यांच्या जखमेवर मीठ चोळल्याशिवाय तुमचा प्रतिसाद पूर्ण होत नाही.

अस्वलप्रेमी

तुम्हीच काढला म्हणून सांगतो. २० नोव्हेंबर १९८२. स्टॅनफर्ड २०-१९ ने पुढे, चार सेकंद उरलेली. स्टॅनफर्डने चेंडू लाथाडला, आमच्या पोरांनी तो धरून पाच वेळा एकमेकांकडे मागे फेकला, आणि सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचा बँड वाजतगाजत मैदानात उतरला होता. केव्हिन मोएन त्या बँडमधून वाट काढत पळाला आणि गोलरेषेपलीकडे ट्रोम्बोनवाल्याला घेऊनच आडवा झाला. २५-२०. मी तेव्हा इथे आलेलो नव्हतो, दोन वर्षांनी आलो. पण ज्याला भेटावं तो "मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो" म्हणायचा. ते सगळे खरंच होते असं धरलं, तर स्टेडियम दोन लाखांचं असायला हवं होतं.

दगडधोंडे

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? पेशाने भूशास्त्राशी संबंध आहे म्हणून लिहितो.

"१९२३ मध्ये माहीत नव्हतं" हे गृहीतक काढून टाका. हेवर्ड फॉल्टवर शेवटचा मोठा भूकंप २१ ऑक्टोबर १८६८ चा. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर जो मोठा शासकीय अहवाल १९०८ मध्ये निघाला, त्यात १८६८ च्या फॉल्टचीही नोंद आहे. त्या अहवालाचे मुख्य अँड्र्यू लॉसन. ते बर्कलीचेच प्राध्यापक! त्यामुळे विद्यापीठात कुणाला पत्ताच नव्हता असं म्हणता येत नाही. स्टेडियमच्या मूळ बांधकामात एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे हालचालीसाठी मुद्दाम ठेवलेल्या फटी, सोडले होते.

मात्र तेव्हा एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आलेली नव्हती: हा फॉल्ट फक्त भूकंपाच्या वेळी हलत नाही. तो रोज, न थांबता, मुंगीच्या पावलाने सरकत असतो. वर्षाला साधारण ४ ते ५ मिलीमीटर. त्याला क्रीप म्हणतात. स्टेडियमखालून स्ट्रॉबेरी क्रीकचं पाणी नेणारा मोठा नाला आहे, बंदिस्त काँक्रीटचा. साठच्या दशकात त्याची पाहणी झाली तेव्हा तो फॉल्टच्या जागी तडकलेला आणि सरकलेला सापडला. त्यावर १९६६ मध्ये शोधनिबंध आला. जमीन सरकतेय याचा तो धडधडीत पुरावा होता.

९० वर्षांचा हिशोब करा, फूटभराहून जास्त सरक होते. नूतनीकरणाआधी मी दक्षिणेच्या टोकाला भिंत बघितली आहे. एके काळी सलग असलेली ती भिंत दोन तुकड्यांत होती, एक तुकडा पुढे, एक मागे. मधल्या फटीत आख्खा पंजा घालता येत होता. फटीच्या आतल्या बाजूचं काँक्रीट दुसऱ्या रंगाचं, पावसाचं पाणी न लागलेलं. हात घातला तेव्हा आपण पॅसिफिक प्लेट आणि समोरचा खंड यांच्या मधल्या पट्ट्यात हात घातलाय, या विचाराने शहारा आला होता.

हेवर्डची_मावशी

दगडधोंडे, छान सांगितलंत. आमच्या हेवर्डात हे रस्त्यावर दिसायचं. रोझ आणि प्रॉस्पेक्ट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर फुटपाथची कड फॉल्टमुळे वाकडी झालेली होती. भूशास्त्राचे विद्यार्थी वर्षानुवर्षं येऊन तिचे फोटो काढायचे. २०१६ मध्ये नगरपालिकेच्या माणसांनी आपलं काम म्हणून ती कड सरळ करून टाकली. शास्त्रज्ञ हळहळले बिचारे.

आमचा जुना सिटी हॉलही फॉल्टवरच आहे. तो मात्र रिकामा करून टाकला, लोकांना आत बसवत नाहीत. म्हणून खाडीकाठचा यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. तिकडे रिकामं केलं, मग इकडे का नाही?

वानखेडे_नॉर्थ_स्टँड

भूकंपाचं मला कळत नाही, पण स्टेडियमचं कळतं. नूतनीकरणात क्षमता कमी केली का? आमच्या वानखेडेत २०११ च्या विश्वचषकाआधी तेच झालं. आधी ४५ हजारांच्या आसपास माणसं मावायची, नंतर ३३ हजार. खुर्च्या आल्या, छप्पर आलं, हवा खेळती झाली, सगळं मान्य. पण बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसलेल्या नॉर्थ स्टँडचा आवाज गेला तो गेलाच.

अस्वलप्रेमी

हो, इथेही घटली. आधी सुमारे ७२ हजार, नूतनीकरणानंतर ६३ हजार. आमच्या वेळी लाकडी बाकं होती आणि गुडघे पुढच्याच्या पाठीत जायचे. आवाजाबाबत मात्र वेगळं झालं. मैदान चार फूट खाली नेलं, त्यामुळे आवाज आत घुमतो. पुढच्या रांगांना दिसतंही चांगलं.

कोयनाकाठ

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, आणि लहानपण कोयनानगरला गेलं. वडील धरणावर नोकरीला होते. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आमच्या घरात अजून बोलली जाते. म्हणून या विषयाकडे मी निव्वळ आकडे म्हणून बघू शकत नाही.

कोयनेच्या धरणाला भूकंपानंतर पाण्याच्या विरुद्ध बाजूने काँक्रीटचे आधार देऊन भक्कम केलं. धरण हलून चालणारच नव्हतं, पाठीमागे पाणी होतं. बर्कलीच्या इंजिनिअरांनी बरोबर उलटा विचार केला आणि मला तो फार आवडतो. त्यांनी मान्य केलं की फॉल्ट सरकला तर त्याला अडवू शकेल असं काँक्रीट जगात कुणी ओतू शकत नाही. मग स्टेडियमचे जे भाग बरोबर फॉल्टवर येतात, म्हणजे उत्तर आणि दक्षिण टोकाचे स्टँडचे तुकडे, ते उरलेल्या स्टेडियमपासून पूर्ण तोडून वेगळे केले. दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली. खाली वाळू आणि तिच्यावर प्लास्टिकच्या जाड चादरी. कॅरम बोर्डावर पावडर टाकल्यावर सोंगटी सरकते, तसा तो अख्खा तुकडा सरकू शकतो. आडवा सहा फूट आणि उभा दोन फूट जमीन हलली, तरी तुकडा अखंड राहील आणि वरची माणसं सलामत राहतील, असा हिशोब आहे.

दुसरं काम पश्चिम बाजूचं. १९२३ ची बाहेरची भिंत वारसा म्हणून जपायची होती. ती जागच्या जागी टेकू देऊन उभी ठेवली आणि तिच्या आतलं सगळं पाडून नव्याने बांधलं. ज्यांनी पुण्या-मुंबईत जुना वाडा पाडताना फक्त दर्शनी भिंत वाचवण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना कळेल हे किती जिकिरीचं काम असतं. इथे तर ती भिंत फॉल्टच्या शेजारी, आणि टेकूवर असताना भूकंप आला असता तर? काम चालू होतं तेव्हा २०११ चा मोसम टीम सॅन फ्रान्सिस्कोत बेसबॉलच्या स्टेडियमवर खेळली.

हेवर्डची_मावशी, तुमच्या सिटी हॉलचं उत्तर यात आहे. तिथे लोक रोज आठ तास बसायचे. स्टेडियममध्ये वर्षातून सहा-सात सामने. त्या नेमक्या तासांत मोठा भूकंप येण्याची शक्यता फार कमी. उलट पश्चिम भिंतीलगत खेळाडूंसाठी जे सिम्पसन सेंटर बांधलं, जिथे पोरं रोज असतात, त्याच्या पायाखाली सक्रिय फॉल्ट नाही हे खणून तपासून घ्यावं लागलं.

साधाप्रश्न

कोयनाकाठ, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. जपून ठेवण्यासारखा आहे.

वडपिंपळ

सिम्पसन सेंटरचा विषय निघाला म्हणून विचारते. ते बांधण्यासाठी ओकची झाडं तोडली, त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये?

२ डिसेंबर २००६ ला आंदोलक झाडांवर चढून बसले ते ९ सप्टेंबर २००८ ला शेवटचे चौघं खाली उतरेपर्यंत. एकवीस महिने! उन्हापावसात, फळ्या बांधून, दोरीने अन्न वर ओढून. खाली विद्यापीठाने कुंपण घातलं. बर्कली शहर, पॅनोरॅमिक हिलचे रहिवासी, ओक वाचवणारी संस्था, सगळे कोर्टात गेले. शेवटी निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि चाळीसेक झाडं एका शनिवार-रविवारच्या आसपास गेली. आरेची आठवण झाली. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. मी तेव्हा गोरेगावला राहत होते, आवाज ऐकलाय.

दगडधोंडे

ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण दोन्ही सारखं धरू नका. विद्यापीठाचं म्हणणं होतं की त्यातली बहुतेक झाडं १९२३ नंतर, स्टेडियमच्या बरोबरीनेच लावलेली होती. जुनं जंगल नव्हतं ते.

वडपिंपळ

माणसाने लावलेलं ऐंशी वर्षांचं झाड तोडायला हरकत नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पुण्यातल्या रस्त्यांवरचे वडही माणसांनीच लावले होते. आणि आंदोलनामुळे एक चांगलं झालं, हे तरी मान्य करा. फॉल्ट नक्की कुठून जातो, इमारत त्यावर येते का, हे सगळं कोर्टात उघडपणे मांडावं लागलं. नाहीतर कोण विचारत होतं?

कोयनाकाठ

शेवटच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. लोक अडून बसले म्हणून कागद बाहेर आले. कॅलिफोर्नियात १९७२ चा अल्क्विस्ट-प्रायोलो नावाचा कायदा आहे, १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर झालेला. सक्रिय फॉल्टवर माणसांच्या वापराची नवी इमारत बांधायची नाही. जुनी असेल तर तिच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्चाचा फेरबदल करायचा नाही. आता जुन्या स्टेडियमची किंमत कशी धरायची, यावर वकिलांनी भरपूर कीस पाडला.

टेकडीवरून_फुकट

अवांतर वाटेल, पण नूतनीकरणाच्या इतिहासात आमच्या टेकडीचंही पान आहे. स्टेडियमच्या पूर्वेला वर टाइटवॉड हिल आहे. कंजूषांची टेकडी. पहिल्या सामन्यापासून लोक तिथे बसून फुकट बघतात. मी विद्यार्थी असताना तिकिटाला पैसे नसायचे, पाठीवर चिवडा आणि पाण्याची बाटली घेऊन वर जायचो. उतार इतका की एक पाय सतत रोवून बसावं लागतं, पँटला ती पिवळी माती लागते ती धुतली तरी जात नाही. पण मैदान पायाखाली आणि समोर सूर्य खाडीत उतरताना.

आधीच्या आराखड्यात पूर्वेला स्टँड उंच करायचे होते. टेकडीवरून दिसणं बंद झालं असतं. टेकडीवाले कोर्टात गेले, तडजोड झाली आणि ते उंच स्टँड बारगळले. आज पूर्व बाजू बुटकी आहे ती आमच्यामुळे!

तोफही तिथेच आहे. १९७१ पासून टेकडीवर. कॅलने गुण केले की उडते. १९९१ मध्ये पॅसिफिकविरुद्ध कॅलने बारा टचडाउन केले तेव्हा दारूगोळा संपला होता. तसं पुन्हा कधी झालेलं नाही.

पालो_आल्टोकर

पुन्हा होईल अशी भीतीही नाही. कॅल शेवटचं रोझ बोल या मानाच्या सामन्याला गेलं ते १९५९ मध्ये. तोफ गंजू नये म्हणून अधूनमधून तेलपाणी करत जा.

टेकडीवरून_फुकट

तेलपाणी चालू आहे. तुमचा बँड मैदानात उतरला की लगेच उडवू.

हिशोबनीस

मजा चालू द्या, पण खाडीकाठचा यांच्या प्रश्नातला पैशाचा भाग कुणी हाताळलेला नाही. माझ्या मते खरी भेग तिथे आहे.

३२.१ कोटी स्टेडियमचे, वर सिम्पसन सेंटर. एकूण ४७ कोटी डॉलरच्या पुढे. विद्यापीठाने कर्जरोखे काढले. परतफेडीची योजना अशी: सुमारे तीन हजार चांगल्या खुर्च्यांचे हक्क चाळीस-पन्नास वर्षांसाठी विकायचे, एकेका खुर्चीला ४० हजार डॉलरपासून दोन लाखांच्या वर. २७ कोटी जमतील असा अंदाज होता. विक्री सुरू झाली तीच २००८ च्या मंदीच्या काळात. त्यात टीम हरायला लागली. अंदाज कोसळला. कर्ज राहिलं, आणि त्याची मुदत इतकी लांबवली आहे की सुरुवातीची कित्येक वर्षं नुसतं व्याज भरायचं, शेवटचा हप्ता पुढच्या शतकात. व्याजच वर्षाला दीड कोटी डॉलरच्या वर. खेळ विभागाला ते झेपेना, तेव्हा भूकंपरोधक कामाचा हिस्सा विद्यापीठाच्या मुख्य खात्याने स्वतःकडे घेतला.

मग मैदानाचं नाव विकणं सुरू झालं. २०१३ मध्ये काबाम नावाच्या गेम कंपनीशी करार, १.८ कोटी, पंधरा वर्षं. तो मध्येच संपला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीशी करार, १.७५ कोटी, दहा वर्षं, आणि पैसे क्रिप्टोमध्ये. २०२२ च्या नोव्हेंबरात एफटीएक्स बुडाली. मैदानावरून नाव खरवडून काढलं.

युद्धात मेलेल्यांच्या स्मारकावर अशी नावं रंगवायची वेळ यावी, याचं मला वाईट वाटतं.

पालो_आल्टोकर

इथे मी थट्टा न करता बोलतो. स्टॅनफर्डचं १९२१ चं स्टेडियम ८५ हजारांचं होतं. २००५ च्या नोव्हेंबरात शेवटचा सामना झाल्यावर लगेच पाडायला घेतलं आणि २००६ च्या सप्टेंबरात ५० हजारांचं नवं स्टेडियम उघडलं. खर्च दहा कोटींच्या आसपास. सपाट जमीन, पायाखाली फॉल्ट नाही, वारसा भिंत नाही, झाडावर कुणी नाही, आणि बांधकाम व्यवसायातलाच एक श्रीमंत माजी विद्यार्थी देखरेखीला. बर्कलीला यातली एकही सोय नव्हती. त्यांचा खर्च तिप्पट-चौपट होणं अटळ होतं. प्रश्न एवढाच की तो खर्च भरून निघेल असं कुणाला वाटलं कसं.

निळंसोनेरी_पाखरू

नमस्कार. मी आत्ता बर्कलीला शिकतेय, इथे पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

५ ऑक्टोबर २०२४ ला मायामीविरुद्धचा सामना होता. कॅल त्याच वर्षी एसीसी या कॉलेज लीगमध्ये गेलं होतं. टीव्हीवरचा कॉलेज गेमडे हा मोठा कार्यक्रम पहिल्यांदाच बर्कलीत आला, आम्ही रात्रभर आवारात जागलो. स्टेडियम खच्चून भरलं. आम्ही खूप पुढे होतो आणि ३९-३८ ने हरलो. माझ्या शेजारची मुलगी रडत होती आणि मागच्या रांगेतले एक आजोबा तिला म्हणाले, मी इथे पन्नास वर्षं हरतोय, सवय होते.

आम्हा विद्यार्थ्यांना कर्जाचा राग आहे. वसतिगृहात जागा नाही, भाडी परवडत नाहीत, आणि एवढे पैसे इकडे. पण स्टेडियम नको असं मी त्या रात्री तरी म्हणू शकले नसते. फॉल्टचे सांधे बघायचे असतील तर काका, टोकाच्या स्टँडकडे जाताना पायाखाली लोखंडी पट्ट्या लागतात, दोन तुकड्यांच्या मधली फट झाकणाऱ्या. बहुतेक जण न बघता ओलांडतात.

हेवर्डची_मावशी

पाखरू, छान लिहितेस गं. लिहीत राहा. पण वसतिगृहाचं वाचून काळजी वाटली. राहण्याची सोय नीट आहे ना तुझी?

निळंसोनेरी_पाखरू

हो मावशी, चौघी मिळून राहतोय. ठीक आहे.

खाडीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

कोयनाकाठ, एक सरळ प्रश्न. तुमच्या मुलाबाळांना त्या टोकाच्या स्टँडमध्ये बसवाल का?

कोयनाकाठ

बसवेन, आणि बसवलंय. जुन्या स्टेडियममध्ये बसवलं नसतं. २०१० ला दोनच पर्याय होते: ते बंद करणं किंवा नीट करणं. तसंच्या तसं चालू ठेवणं हा गुन्हा ठरला असता. बंद केलं असतं तर बर्कलीसारख्या दाटीवाटीच्या शहरात एवढी दुसरी जागा नव्हती. २००६ मध्ये त्याची राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झालेली होती, त्यामुळे पाडणंही सोपं नव्हतं. म्हणून नीट करणं बरोबर. मात्र खेळाडूंच्या सोयी, क्लब, महागड्या खुर्च्या यांचा खर्च त्याच गाठोड्यात बांधायला नको होता. सुरक्षेचा पैसा समाजाने भरावा, चैनीचा पैसा चैन करणाऱ्यांनी.

दगडधोंडे

यात एक भर. हेवर्ड आणि त्याला जोडलेल्या रॉजर्स क्रीक फॉल्टवर २०१४ ते २०४३ या काळात ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ३३ टक्के धरली आहे. फ्रीमाँटमध्ये बार्ट रेल्वेच्या स्टेशनजवळच्या टायसन्स लगूनमध्ये चर खणून जुन्या भूकंपांच्या खुणा मोजल्या आहेत. सरासरी दीडशे वर्षांनी एक येतो. १८६८ मध्ये दीडशे मिळवा. आपल्यातले निम्मे लोक फ्रीमाँट, हेवर्ड, युनियन सिटीत राहतात. स्टेडियमची चिंता करताय, चांगलं आहे. पण घराचा पाया बोल्टने जखडलाय का, गरम पाण्याच्या टाकीला पट्टे आहेत का, आठवडाभराचं पाणी साठवलंय का, हे कितीजणांनी बघितलंय? स्टेडियम आता बहुतेक घरांपेक्षा सुरक्षित आहे.

हेवर्डची_मावशी

टाकीला पट्टे आहेत. पाणी आज भरते.

खाडीकाठचा

आमच्याकडे पट्टे नाहीत. शनिवारी लावून घेतो.

मूळ प्रश्नाबद्दल: बांधकामाविषयीची शंका फिटली. पैशाविषयीची वाढली. वडपिंपळ ताईंचा मुद्दाही मनात राहिला, की विरोध झाला म्हणूनच हे इतक्या काटेकोरपणे झालं. मुलीला धागा पाठवलाय.

वानखेडे_नॉर्थ_स्टँड

पुढच्या वर्षी मुलाकडे येतोय ऑक्टोबरमध्ये. स्टेडियम बघायचंच आता. बार्टने जाता येतं का? आणि तिकीट कुठलं काढू?

टेकडीवरून_फुकट

डाउनटाउन बर्कलीला उतरा, तिथून आवारातून चालत पाऊण तास धरा, चढ आहे आणि वाटेत बघण्यासारखं बरंच आहे. तिकीट पूर्वेच्या वरच्या रांगेतलं. ऊन तोंडावर येतं, टोपी आणा. मध्यंतरानंतर गुडघे धड असतील तर टेकडीवर या, चिवडा मी आणतो.